शंभराला दीड

यंत्र आलं तेव्हा दिवाळी होऊन आठवडा झाला होता आणि माझ्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. खोक्यातून निघाली एक काचेची पेटी. आत एक सपाट पाट, त्याच्यावर मागेपुढे सरकणारं पितळी नाक, आणि बाजूला पोपटी रंगाच्या प्लॅस्टिकच्या तारेचं रीळ. मी पेटीभोवती दोनदा फिरलो. ना रंधा, ना पटाशी, कुठे म्हणून धार नाही. वस्तू घडवणाऱ्या यंत्राला धारच नाही, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना.

आमची संस्था खाडीच्या अलीकडे, आगरदांड्याच्या बाजूला आहे. मुलं इथे फिटर, वेल्डर, सुतार व्हायला येतात. मी त्यांना ड्रॉइंग आणि सुतारकाम शिकवतो. त्याआधी बारा वर्षं मी मुंबईकडच्या एका ओतशाळेत लाकडी नमुने करत होतो. पितळेचा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात हुबेहूब करायचा, वाळूत दाबून त्याचा ठसा घ्यायचा आणि त्या ठशात पितळ ओतायचं, असं ते काम. ते आठवूनच प्राचार्यांनी हा नवा विषय माझ्या गळ्यात घातला असावा. म्हणाले, "तुम्ही आयुष्यभर नमुनेच केलेत. हे यंत्रही नमुनेच करतं. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, बटण दाबायचं, तासाभरात वस्तू हातात. रॅपिड प्रोटोटायपिंग."

ओतशाळेत एका नमुन्याला मला आठ आठ दिवस लागत. तासाभरात होणारी वस्तू वस्तू असेल यावर माझा विश्वासच नव्हता. पण नाही म्हणायची सोय नव्हती. दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला शहरात गेलो. शिकवणारा तरुण इतका भरभर बोलायचा की मी नुसता लिहीत सुटलो. परतीच्या एसटीत वही उघडली तर सोळा पानांतलं एक वाक्य लागेल तर शपथ. अक्षर मात्र माझंच होतं.

वर्गात उभा राहिलो तेव्हा जे थोडंफार उमजलं होतं ते अळूवडीवर आणून ठेवलं. म्हटलं, "अळूवडीचा उंडा कापला की चकत्या पडतात ना? त्या चकत्या पुन्हा एकावर एक रचल्या तर काय होईल?" "उंडा," मुलं म्हणाली. "कॉम्प्युटर तेच करतो. चित्राच्या चकत्या पाडतो आणि हे यंत्र एकेक चकती प्लॅस्टिकनं लिहीत वर चढतं." मुलांना पटलं. मला स्वतःला अर्धंच पटलं होतं, पण ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. शिक्षकाला तेवढं जमावंच लागतं.

पहिला ठोकळा छापायला लावून आम्ही डबा खायला गेलो. येऊन बघतो तर पाटावर पोपटी शेवेचा ढीग. "सर, फराळ तयार," कुणीतरी म्हणालं आणि वीसच्या वीस पोरं खिदळली. मीही हसलो, आणि मग एकदम भडकलो, कारण हसणं यंत्रावर होतं की माझ्यावर ते कळेना. त्या गोंधळात एक मुलगी कॉम्प्युटरजवळ जाऊन बसली. दिघीहून रोज फेरीबोटीनं खाडी ओलांडून येणारी, वर्गात फारसं न बोलणारी. तिनं चित्र बाजूनं फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "सर, ठोकळा हवेत आहे. खाली पाटाला टेकलेलाच नाही." एक बटण दाबून तिनं तो खाली बसवला. तासाभरानं ठोकळा निघाला.

तेव्हापासून शिकवायचो मी आणि शिकायचोही मीच, तिच्याकडून. पडद्यावरच्या वस्तूला समोर काय आणि मागे काय, हेच मला समजत नसे. माऊस जरा हलला की वस्तू पालथी. चाळीस वर्षं जी गोष्ट हातात धरून फिरवली ती काचेपलीकडे गेली होती. ती मुलगी कधी हसली नाही. "सर, हे बटण धरून ठेवा," एवढंच म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा सांगायची.

एका बाबतीत मात्र माझं राज्य होतं. मापात. माझ्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची पोलादी पट्टी कायम असते. झोपताना तेवढी काढतो. बायको म्हणते, मंगळसूत्र माझ्या गळ्यात आणि पट्टी यांच्या खिशात, लग्न दोघांचंही पक्कं. यंत्रातून वस्तू निघाली की मी पट्टी लावायचो, आणि प्रत्येक वस्तू कमी भरायची. लहान वस्तू जराशी कमी, मोठी जास्त कमी.

मला याचं कोडं पडलं नाही, उलट बरं वाटलं. वितळलेली वस्तू थंड होताना आटते हे ओतशाळेतलं पहिलं अक्षर. पितळ आटतं, लोखंड आटतं, तर प्लॅस्टिकही आटणार. अख्ख्या विषयात मला आपसूक समजलेली ही एकच गोष्ट होती, म्हणून मी ती घट्ट धरून बसलो. मुलांना सांगितलं, जर्नलमध्ये लिहा: प्लॅस्टिक आटल्यामुळे माप कमी. सगळ्यांनी लिहिलं.

जानेवारीत पनवेलकडच्या एका टूलरूमचं पत्र आलं. साचे बनवण्याचं सहा महिन्यांचं शिक्षण, आमच्या संस्थेतून एकच जागा, नाव मी सुचवायचं. माझ्या मनात तीच होती, आणि तिला ती जागा हवी होती हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. पत्र फळ्याजवळ लावलं तेव्हा तिनं ते तीनदा वाचलं. मी ठरवलं की शेवटचं काम बघायचं आणि नाव पाठवायचं. काम असं, की घरून एखादी मोडकी वस्तू आणायची, तिचं माप घ्यायचं, चित्र करायचं आणि नवी छापायची.

कुणी मिक्सरचं बटण आणलं, कुणी खिडकीची कडी. तिनं एक तडकलेलं गोल झाकण आणलं. तिचे वडील फेरीबोटीवर खलाशी. बोटीच्या डेकवर एक उभा पाइप असतो. त्यात काठी सोडून तळाशी पाणी किती साचलंय ते बघतात. हे त्या पाइपाच्या तोंडावरचं झाकण. तिनं पाइपाचं माप स्वतः बोटीवर जाऊन घेतलं होतं, तिच्या भावानं मागवलेल्या डिजिटल व्हर्नियरनं. मला ते हत्यार मुळीच पसंत नव्हतं. सेल संपला की माप संपलं, हे कसलं माप?

झाकणाचा आतला व्यास नव्वद मिलिमीटर हवा होता. मी पट्टी लावली. साडेअठ्ठ्याऐंशीच्या जरा पुढे.

"आटलंय," मी म्हटलं. "लिही जर्नलमध्ये."

"सर, आटलेलं नाही. नव्वदच आहे." तिनं व्हर्नियर लावून दाखवलं. आकडा नव्वदचा होता, हे खरं.

"ते खेळणं बाजूला ठेव. पट्टी बघ."

तिनं पट्टी बघितली. पट्टीवर कमीच होतं. ती गोंधळली. मीही गोंधळलो होतो, पण माझा गोंधळ रागाच्या रूपानं बाहेर आला. म्हटलं, "पट्टी खोटं बोलत नाही. सगळ्यांचं आटतं आणि तुझंच तेवढं आटत नाही?"

"मी पाहिलं ते लिहीन, सर. आटलं असं नाही लिहिणार."

सगळ्या वर्गासमोर. मी तिचं जर्नल ओढलं आणि लाल पेनानं लिहिलं: माप चुकीचे. चूक मान्य करण्याची तयारी नाही. खाली सही ठोकली. वर हेही सांगितलं की शुक्रवारपर्यंत काम सुधारलं नाही तर जागेसाठी दुसरं नाव जाईल. असं बोललो याची आजही लाज वाटते. पण त्या वेळी लाज वाटली नाही, शिस्त लावल्याचं समाधान वाटलं.

दोन दिवस ती आली नाही. शुक्रवारी सकाळी येऊन यंत्राशी बसली आणि दुपारी नवं झाकण माझ्या टेबलावर ठेवलं. पट्टी लावली. बरोबर नव्वद, रेघेवर रेघ. "बघ, जमलं की नाही?" मी म्हटलं. तिनं जर्नल उघडून पुढे केलं. मी लिहिलं: चूक सुधारली. शिकण्याची वृत्ती चांगली. त्याच संध्याकाळी तिचं नाव गेलं आणि महिन्याभरात निवड झाल्याचं कळलं. मी शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले. माणसानं चूक कशी मान्य करावी हे त्या पोरीकडून शिका, असंही वर सांगितलं.

पण ती माझ्याकडे बघेनाशी झाली. बटण कुठलं ते विचारलं तर सांगायची, पण पडद्याकडे बघून. जागा मिळाली, शाबासकी मिळाली, मग हिचं बिनसलं तरी काय? मला कळेना. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तुम्हीच काहीतरी केलं असेल." तिचं प्रत्येक गोष्टीवर हेच उत्तर असतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही दोघं हरिहरेश्वराला निघालो. फेरीबोटीनं दिघीला जायचं आणि तिथून पुढे गाडीनं. पट्टी खिशात बघून बायको म्हणाली, "देवाचं माप घ्यायला चाललात काय?" बोट सुटली, मी डेकवर जरा वाऱ्याला उभा राहिलो, आणि पायाशी पाहतो तर पोपटी रंग.

पाइपाच्या तोंडावर झाकण घट्ट बसलं होतं. मी वाकून हलवून पाहिलं. ढिम्म हललं नाही. मला आधी आनंदच झाला. म्हटलं, सुधारलेलं झाकण कसं चपखल बसलंय! शेजारी दोर गुंडाळत असलेल्या खलाशाकडे वळून अभिमानानं म्हणालो, "हे आमच्या संस्थेत झालंय."

"व्हय तर. माज्या पोरीनं केलंय," तो म्हणाला. मी कोण ते सांगितलं तसा त्यानं दोर खाली ठेवून हात जोडले. "सर, लई उपकार झाले. तुमच्यामुळं पनवेलला चालली ती."

"दुसऱ्या खेपेला बरोबर केलंन् तिनं," मी म्हटलं.

"न्हाय, न्हाय. ह्ये पयलं हाय." तो सहज सांगत होता. "दुसरं इथं बसतच न्हाय. ढिलं पडतं, हातात निघून येतं. ते सरांसाठी केलं, म्हनली. सरांच्या पट्टीला लागतं तसं. दीड टक्का मोठं केलं म्हने. मला काय त्यातलं कळत न्हाय."

दीड टक्का. शंभराला दीड.

ओतशाळेत मी अठराव्या वर्षी गेलो तेव्हा माझ्या वस्तादांनी पहिल्याच दिवशी तीन आकडे पाठ करून घेतले होते. लोखंड शंभराला एक. ॲल्युमिनियम शंभराला सव्वा. पितळ शंभराला दीड. ओतलेलं पितळ थंड होताना एवढं आटतं, म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा करायचा. दर वेळी हिशेब कोण करणार? म्हणून नमुनेवाल्यांची पट्टीच वेगळी असते. दिसायला नेहमीसारखी, पण तिच्यावरच्या रेघाच जरा लांब लांब मारलेल्या. तिचे शंभर म्हणजे खरे शंभर आणि वर दीड. नमुना करायला ती पट्टी सोन्यासारखी. पण तयार वस्तूला लावली तर वस्तू दर वेळी कमीच दाखवणार, लहान वस्तू जराशी आणि मोठी जास्त.

मी खिशातून पट्टी काढली. कोपऱ्यात खंडेनवमीचं कुंकू अजून चिकटून होतं. मी ते कधी पुसत नाही, हत्यारावरचं कुंकू पुसू नये असं आमच्याकडे मानतात. नखानं खरवडलं. वस्तादांनी स्वतः पंच मारून ठोकलेला 'पि' खालून वर आला. पितळेच्या नमुन्यांची पट्टी. ते ओतशाळेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात दिली होती. ती वर्षभर कपाटात असते आणि खंडेनवमीला माझ्या रोजच्या पट्टीशेजारी पाटावर मांडली जाते. दोघींना हळदकुंकू, दोघींवर झेंडू. दसऱ्याला सकाळी मी नमस्कार करून एक उचलली आणि खिशात घातली होती. कुठली ते बघितलं नव्हतं. बघायचं कशाला? हात लावल्यावर आपली पट्टी आपल्याला कळते असा माझा समज होता.

"अहो, बरं वाटत नाहीये का?" बायकोनं विचारलं. मी पट्टी खिशात टाकली. पोरीचे वडील पुन्हा दोर गुंडाळायला लागले होते.

त्या दिवशी देवापुढे उभा राहून मी काय मागितलं ते आठवत नाही. डोक्यात सारखं तेच चाललं होतं. सबंध वर्गाकडून मी खोटं लिहून घेतलं. एकटी खरं बोलली, तर तिला जागेची भीती घातली. आणि मग तिनं न बसणारं झाकण करून आणलं तेव्हा लिहिलं, चूक सुधारली. मी मोजमाप शिकवतो, आणि तिला शिकवलं काय, तर साहेबाच्या पट्टीला लागेल तसं माप करायचं. उतरताना पायऱ्या दिसेनात इतके डोळे भरून आले.

सोमवारी सकाळी मी दोन्ही पट्ट्या घेऊन गेलो. खरं सांगतो, जाताना वाटेत एक पळवाटही मनात आली होती. जागा तर तिला मिळालीच आहे. आता जर्नल उकरून काढलं तर प्राचार्य विचारतील, कदाचित पनवेलवालेही विचारतील, त्यात तिचंच नुकसान व्हायचं. तिच्याच भल्यासाठी गप्प बसावं. हा विचार मला फार सोयीचा वाटला, म्हणूनच त्याची भीती वाटली.

वर्ग भरल्यावर दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. शून्याला शून्य लावलं. शंभराशी रेघा चुकलेल्या सगळ्यांनी वाकून पाहिल्या. काय झालं ते मी सांगितलं, कुंकवासकट. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मग तिला म्हटलं, "तुझं माप बरोबर होतं. तुला माहीत होतं का माझी पट्टी चुकीची आहे ते?"

"का ते माहीत नव्हतं सर. पण दीड टक्क्याचा फरक आहे एवढं कळलं होतं. सगळ्यांच्याच वस्तूंना तेवढाच येत होता."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की."

खरंच होतं. तिनं व्हर्नियर लावून दाखवलं होतं, आणि मी त्याला खेळणं म्हटलं होतं.

मी माफी मागितली. विद्यार्थिनीची माफी कशी मागायची असते ते मला येत नव्हतं, वाक्य अर्ध्यातच राहिलं. मग म्हटलं, "जर्नलमधलं बदलायचं की नाही ते तू ठरव. तुझी जागा पक्की आहे. बदललं तर कदाचित कुणी विचारील."

मग तिनं दप्तरातून जर्नल काढून माझ्यापुढे उघडलं, त्याच पानावर, आणि दोन्ही झाकणं समोर ठेवली. पहिलं तिनं सकाळी येताना बोटीवरून काढून आणलं होतं. वडिलांनी घरी सगळं सांगितलं असणार.

"विचारू देत," ती म्हणाली. "मोजा सर." आणि तिनं व्हर्नियर माझ्या हातात दिला.

मी ते हत्यार त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतलं. पहिल्या झाकणाला लावलं. नव्वद. दुसऱ्याला लावलं. एक्याण्णव आणि वर थोडं. मी माझे दोन्ही शेरे लाल पेनानं खोडले आणि खाली लिहिलं: पहिले झाकण बरोबर. दुसरे चुकीचे, आणि त्या चुकीला मी जबाबदार. सही केली आणि वही तिच्याकडे सरकवली.

तिनं वाचलं. वही बंद केली नाही. ती पुन्हा माझ्यापुढे सरकवली आणि मी काय राहिलं म्हणून बघत असताना सहीखालच्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"सर," ती म्हणाली, "कशानं मोजलं तेही लिहा."